अबोली उलटी का चालते

कळंबोली, रविवार

प्रिय तेजू,

वरच्या मजल्यावरचा नंदकिशोर मंगळवारी मस्कतला निघालाय, त्याच्याकडे हे पत्र आणि तुझ्या आईच्या चकल्या देतोय. फोनवर बोललो असतो, पण फोन कायम तुझ्या लेकीच्या हातात, आणि विषय तिचाच आहे. तुमचं दोघांचं तिकडे बस्तान बसेपर्यंत पोर आम्ही हौसेनं ठेवून घेतली, आणि आता आठ दिवस झाले, ती माझ्याजवळ येत नाही. वागते अशी, की माझी मतीच गुंग झालीय. माझ्यासारखीच नाक मुरडायची, ती कारल्याची भाजी आता मागून खाते. ती आणि मी बशीतून चहा प्यायचो, तर तिला आता कप लागतो. झोपते ती पायथ्याकडे डोकं करून. तुझी आई म्हणाली दृष्ट लागली, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून मोकळी झाली.

सुरुवात शाळेतून झाली. लोहचुंबक कसं काम करतं ते घरी विचारून या, असं बाईंनी सांगितलं. पहिलीतल्या पोरांना! अबोलीनं वर्गात छातीठोकपणे सांगितलं, माझे आबा यार्डात चुंबकाची क्रेन चालवायचे, ट्रकभर भंगार उचलायचे. झालं. ती आणि खालच्या मजल्यावरचा केयूर, तू वाढदिवसाला पाठवलेला चुंबकांचा डबा घेऊन हजर. सव्वीस वर्षं क्रेन चालवली गं, पण बटण दाबलं की चिकटतं आणि सोडलं की पडतं, यापलीकडे मला तरी कुठं काय ठाऊक? मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसून फर्मानं सोडत होतो, चुंबक तुझ्या आईच्या हातात. किल्ली चिकटली. तांब्याचा गडू नाही चिकटला. स्टीलची एक वाटी चिकटली, दुसरी नाही. ते का, हे मला सांगता आलं नाही. आणि चिकटली ती हलक्या प्रतीची, असं बोलून बसलो. ती निघाली तुझ्या आईच्या माहेरची!

आत काय असतं, केयूरनं विचारलं. मी म्हटलं, लोखंडात बारीक बारीक चुंबकंच असतात. एरवी ती मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखी, तोंडं कुठंही. प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी सगळ्यांनी एकीकडे तोंडं केली, की झालं लोहचुंबक. हे बाकी जमलं. मग अबोलीनं विचारलं, दोन सारखी टोकं एकमेकांना का ढकलतात? ते मला आजही कळलेलं नाही. सारख्याला सारखं नको असतं, असं ठोकून दिलं. पुढच्याच मिनिटाला ती दोन्ही हातांत चुंबकं घेऊन "आबा, बघा ना" करत थेट माझ्या छातीशी धावली, आणि मी ओरडून तिला ढकललं. पोर पडली. रडलीसुद्धा नाही.

शेवटी तुझ्या आईनं तिच्या पोटातलं काढून घेतलं. "मी आणि आबा सेम सेम आहोत ना. सगळे बोलतात, नाक सेम, हट्ट सेम. म्हणून ते मला ढकलतात. मी उलटी झाली ना, की चिकटणार." म्हणून ते कारलं, म्हणून पायथ्याकडे डोकं. ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

तेजू, आता रागावू नकोस. दिवाळीआधी मी भावकीच्या कामाला गावी गेलो म्हणून सांगितलं, तेव्हा मी नेरूळच्या दवाखान्यात होतो. छातीत डाव्या बाजूला पेसमेकर बसवलाय. क्रेन सुटली ती त्यामुळे, तुला सांगितलं तसं गुडघ्यामुळे नाही. डॉक्टर म्हणाले, चुंबक छातीपासून चांगलं वीतभर लांब ठेवा, बाकी खुशाल हिंडा-फिरा. तुला कळवलं असतं तर नवी नोकरी टाकून पहिल्या विमानानं आली असतीस. पोरीला खरं सांगावं, तर ती फोनवर पहिल्या मिनिटात तुला सांगणार. डबा काढून घ्यावा, तर मम्मीनं पाठवलाय म्हणून उशाशी घेऊन झोपते. काल संध्याकाळी ती माझ्याकडे पाठ करून, उलट्या पावलांनी, हळूहळू आली. माझ्या गुडघ्यांना पाठ टेकवली आणि तशीच उभी राहिली. मुठीत चुंबक होतं, म्हणून मी दोन्ही हात मागेच ठेवले. हे मला पुन्हा जमायचं नाही. पत्र वाचलंस की फोन कर, विमान पकडू नकोस. तुझा फोन आला, की मी तिला सांगेन, चुंबक तिथं ठेव आणि सरळ तोंडानं ये.

तुझाच,
आप्पा