कालव्याकाठी एकटे

बुकित पंजांग, सिंगापूर

ताई, नमस्कार.

आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे आधी सांगते.

शामकांत फ्रान्समध्ये कालव्याकाठच्या वाटेनं, जुनी गावं बघत, एकटेच सायकलवर निघालेत. "तिथे गाड्याच नसतात, घाबरू नकोस," म्हणाले होते. पण गाड्या नाहीत म्हणजे मदतीला माणसंही नाहीत ना, ताई? त्यांच्या अँजिओप्लास्टीला वर्षही झालं नाही.

काल दिवसभर त्यांचा फोन लागेना. शेवटी अनोळखी नंबरवरून त्यांचाच आवाज आला. "चक्कर आली गं. एका बाईंनी घरी आणलंय."

"परत या," मी म्हटलं.

"तूच ये. भीती वाटतेय."

जन्मभर बोटीवर काढलेला माणूस असं पहिल्यांदाच बोलला. उद्या निघतेय.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, प्रेमा फ्रान्स बघायला गेली.

तुझी,
प्रेमा