फ्रेममधला भाचा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे. तूही मनातल्या मनात आशीर्वाद दे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? बाळ्या आणि सूनबाई मजेत असतीलच. आम्हीही सगळे खुशाल होतो, कालपर्यंत. काल लेकीच्या होणाऱ्या सासरी जे घडलं त्याने माझी दातखीळ बसली ती अजून सुटलेली नाही, म्हणून फोन न करता लिहिते आहे. आधी नीट बसून घे. पाणी जवळ ठेव. बाळ्या आसपास असेल तर त्याला काहीतरी आणायला पाठव.

मुळापासून सांगते. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला लेकीने एक फोटोफ्रेम आणून दिली. आत नमुन्याचा असतो तसा एक छापील फोटो होता. ताई, काय सांगू तुला! खिडकीला टेकून उभा, हातात कप, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, आणि कपाळावर एकच बट अशी आलेली की ती मागे सारायला आपला हात आपोआप पुढे व्हावा. नजर कुठेतरी लांब. आणि हनुवटी! आपल्या घराण्यात अशी हनुवटी आजवर कोणाला झालेली नाही, पुढेही आशा नाही. खरं तर त्या फ्रेममध्ये आम्हा दोघांचा फोटो घालायचा होता, पण आमच्या प्रत्येक फोटोत ह्यांचे डोळे मिटलेले आणि माझं तोंड उघडं. म्हटलं, चांगला फोटो निघेपर्यंत राहू दे हाच. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या वर टांगला. काच रोज पुसायला लागले. पुसता पुसता दोन शब्द बोलायचेही. (ह्यांनी एकदा विचारलं, कपाटावरची धूळ कधी पुसणार? मी म्हटलं, कपाट कुठे पळून जातंय?)

मग एक दिवस समोरच्या बाई साखर मागायला आल्या आणि साखर विसरून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. हा कोण, म्हणाल्या. आता साठीला टेकलेल्या बाईने काय सांगायचं, आवडला म्हणून टांगलाय? माझ्या तोंडून निघून गेलं, ताईचा मुलगा. रागावू नकोस गं. बाळ्यावर माझा जीव आहे, पण बाळ्याचा फोटो बघून कोणी साखर विसरणार नाही, हे तूही मान्य करशील. एकदा सांगितलं की निभावावं लागतं. हळूहळू त्याला मोठ्या पगाराची नोकरी लागली, तो रोज पोहायला जाऊ लागला, तुझे पाय चेपू लागला. लग्न तेवढं मी त्याचं लावलं नाही. मनच होईना.

इतक्यात लेकीचं जमायला आलं. तुला माहीत आहेच, आजवर तिने किती स्थळांना नाक मुरडलं ते. हा मुलगा मी शोधला. (म्हणजे तिच्या मैत्रिणीने सहज सुचवला आणि मी लगेच उचलून धरला.) चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, शांत आहे, आणि लेक चक्क हो म्हणाली! तेव्हापासून मला झोप नाही. आता कुठे माशी शिंकू नये एवढंच देवाकडे मागत होते. गेल्या आठवड्यात मुलाची आई आमच्याकडे आली. सोफ्यावर बसता बसता तिने वर पाहिलं आणि तिला चहाचा असा ठसका लागला की मी पाठ चोळायला धावले. मी कौतुकाने सांगितलं, माझा भाचा. ती एवढंच म्हणाली, "असं का?" आणि अर्धा चहा टाकून उठली. मी मनात म्हटलं, हिचीही गत माझ्यासारखीच झाली.

काल आम्ही त्यांच्याकडे गेलो. घर नीटनेटकं, पण दारासमोरच्या भिंतीवर एक खिळा, आणि खिळ्याखाली फ्रेमएवढा चौकोन बाकी भिंतीपेक्षा उजळ. काहीतरी नुकतंच उतरवलेलं. कोपऱ्यात मुलाचे आजोबा टीव्ही बघत होते. बोलणी छान चालली होती, तारखेपर्यंत आली होती, आणि ताई, टीव्हीवर दाढीच्या साबणाची जाहिरात लागली. तोच! कमरेला टॉवेल, बाकी काही नाही, गालाला फेस, आणि ती कपाळावरची बट! माझ्या हातातलं बिस्कीट कपात पडलं. मी काही बोलणार तेवढ्यात आजोबा टाळी वाजवून ओरडले, "सूनबाई, लवकर ये, आपला धाकटा! जहाजावर याला कपडे देत नाहीत की काय?"

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. माझाही तसाच झाला असणार, कारण आमचे हे पंख्याचं बटण शोधायला उठले. आजोबा मात्र खुशीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, हा माझा धाकटा, बोटीवर असतो, मला स्वतःला तो झाल्याचं आठवत नाही, पण सूनबाई म्हणते तर झाला असेल. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, त्याचा फोटो आज कुठे गेला? ताई गं! एका माणसाची दोन घरांत दोन नाती! आम्ही थापाडे, तेही थापाडे, आता ही सोयरीक कोण पुढे नेणार? लेकीचं जमलेलं मी स्वतःच्या तोंडाने मोडलं, या विचाराने मला रडूच फुटलं.

आणि लेक हसत होती. तो मुलगाही हसत होता, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्याने सांगितलं, की त्या फ्रेम एका खोक्यात दोन येत होत्या. दोघांनी मिळून घेतल्या आणि आपापल्या आईला एकेक दिली. म्हणजे कधी? आमची ओळखही झालेली नव्हती तेव्हा! दोघं कितीतरी आधीपासून एकमेकांना ओळखतात. त्या मैत्रिणीला सुचवायला यांनीच पाठवलं. माझ्या शोधाशोधीत, माझ्या जागरणात काही म्हणता काही अर्थ नव्हता!

माझे डोळे पांढरे झाले. विहीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझा हात हातात घेतला, आणि आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, की आईबापांशी असं खोटं बोलायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही! तिथेच आमची गट्टी जमली. लग्न ठरलं आहे. आजोबांनी तारीख लांबवायला सांगितली, धाकट्याला सुट्टी मिळायला हवी म्हणून, पण त्यांची समजूत काढली.

भावोजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण

ता. क. विहीणबाई हुशार. त्यांनी त्याला जहाजावर ठेवलाय, म्हणजे लग्नाला यायचा प्रश्न नाही. मला तेवढं सुचलं नाही, मी त्याला तुझ्या घरात ठेवला. आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायका लग्नाला येणार आहेत त्या तुझ्या मुलाला बघायला. समोरच्या बाई तर पुतणीला घेऊन. तेव्हा एवढंच कर. मुलाला ऐनवेळी परदेशी जावं लागलं म्हण, आणि बाळ्याला तुझा जावई म्हणून आण. सूनबाईला लेक म्हणायचं. तू नेहमी सांगतेस ना, ती सून नव्हे, लेकच आहे माझी? मग आता तेवढं चारचौघांत दाखव. (नाही म्हणायच्या आधी आठव, तुझ्या गणिताच्या पुस्तकात कोणत्या नटाचा फोटो होता, आणि बाबांच्या हातचा मार कोणी खाल्ला.)

ता. ता. क. लग्नाआधी फ्रेममध्ये आमचाच फोटो लागला पाहिजे असं लेकीने बजावलं. आज हे गुपचूप स्टुडिओत जाऊन आले. एकट्याचाच काढलाय. खिडकीला टेकून, हातात कप, वरची दोन बटणं उघडी, नजर लांब. डोळे उघडे! कपाळावर बट आणायला केस नाहीत, पण हात तिथे ठेवलाय. मी हसायला गेले आणि मला भरूनच आलं गं. इतके महिने माणूस एक अक्षर बोलला नाही. लगेच काच पुसून फोटो लावला.

दुसरा मागेच आहे. फोटो दोन असले की पुठ्ठा घट्ट बसतो.