अठ्ठावीस फर्मे

२ मार्च

चि. खारूस मावशीचे अनेक आशीर्वाद.

ताईचं पत्र आलं. तुला जाड पुस्तक पेलवत नाही, हात थरथरतात आणि पुस्तक नाकावर आपटतं, असं तिने लिहिलंय. सतरा वर्षांची घोडी झालीस आणि पुस्तकाचा मार खातेस! तर यावर मी एक तोड काढली आहे.

आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात मोडकी पुस्तकं माझ्या टेबलावर येतात, हे तुला माहीत आहे. परवा एक आलं, त्याचा कणा इतका तुटला होता की मोठ्या बाईंनी रद्दीत टाकायला सांगितलं. राजवाडा, कारस्थानं, जादू आणि सोळा वर्षांची राजकन्या. तुझ्या वयाच्या मुली ज्यावर तुटून पडतात तसली कादंबरी. मी ते मागून घेतलं, पुठ्ठा काढला, शिलाई उसवली आणि फर्मे सुटे केले. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीतून होणारी सोळा पानं. बोटांत धरलास तरी जड होणार नाही. असे अठ्ठावीस आहेत. दर शनिवारी एक टपालात टाकीन, मंगळवारी तुझ्या हातात पडेल. निदान सहा-सात महिने पुरतील. कोपरे दुमडलेस तर कान पिळीन. घरी आलीस की सगळे पुन्हा शिवून तुला हव्या त्या रंगाच्या कापडात बांधून देईन.

मीही पुढचं वाचणार नाही. पाठवायचा तेवढाच फर्मा शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत वाचायचा, कानाला खडा.

माया आहेच, ती काही टपालात हरवत नाही. पत्र लिहायचा आळस करू नकोस.

तुझी मावशी

१३ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तू माझं वाटोळं केलंस. दुसरा फर्मा काल आला आणि काल दुपारीच संपला, आता सहा दिवस काय करू? राजा महिनाभर कुणाला दिसलेला नाही. राजकन्येची काकी म्हणते शिकारीला गेलाय, प्रधान म्हणतो ताप आलाय, आणि दोघं एकाच टेबलावर जेवतात! राजकन्येला अडगळीत तो दिवा सापडतो तिथे तर मी श्वास घ्यायची विसरले, तर यंत्र वाजायला लागलं आणि नर्सबाई धावत आल्या. समोरचा माणूस खोटं बोलला की ज्योत त्याच्याकडे वाकते. कसला भारी दिवा आहे गं! असा इथे दवाखान्यात लावला तर सकाळच्या फेरीतच आडवा होईल.

माझी पैज: काकी दुष्ट आहे. फार गोड बोलते.

आईला हे पुस्तक आवडत नाही. राजवाड्यातल्या थापा वाचून डोळे कशाला शिणवतेस, म्हणते. मी विचारलं, राजकन्येने तुझं काय घोडं मारलंय? तर हसली नाही. हल्ली हसतच नाही. डॉक्टर आले की दोघं बाहेर व्हरांड्यात जातात आणि ती परत येते तेव्हा तोंड धुतलेलं असतं.

मावशी, एक मागते. माझ्याबद्दल बाहेर काही बोलणं झालं आणि ते तुझ्यापर्यंत आलं, तर मला सांगशील? इथे सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी आहे.

कापड जांभळं हवं. सुया टोचून माझ्या हाताला रंग आलाय, तसं.

तू आहेस तशीच राहा, एवढंच मागणं.

तुझी खारू

२० एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

आठवा फर्मा सोबत आहे. तुझी पैज तुझ्यापाशी ठेव. माझा संशय प्रधानावर. जो माणूस दर पानावर आपली अंगठी पुसतो त्याच्यावर कुणी विश्वास ठेवावा? राजाच्या खोलीचा पडदा मात्र मला पटला नाही. इतका मोठा दरबार आणि एकानेही तो सरकवून बघू नये? तू म्हणशील, मावशी, भीती वाटते त्यांना. बरोबर आहे तुझं. मलाही वाटली असती.

शुक्रवारी मी वाचत बसले आणि पत्र्याच्या डब्यातली खळ वाळून खडखडीत झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही पुस्तकं दुरुस्त करता की पुस्तकं तुम्हाला? तरी मी पान उलटलंच, कारण राजकन्या नुकतीच चोरवाटेत शिरली होती आणि तिच्या हातातला दिवा पहिल्यांदाच तिच्या स्वतःकडे वाकला होता. मी घाबरत नाही, असं ती मोठ्याने म्हणाली म्हणून! ते पान मी तीनदा वाचलं.

मागे विचारलं होतंस त्याचं उत्तर: सांगेन. आजवर मला तसं काहीच कळलेलं नाही.

डॉक्टरांचं ऐक, आणि त्याहून जास्त माझं ऐक.

तुझी मावशी

७ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. ग्रंथालयाच्या जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसून राहिले. दोन महिने. डॉक्टरांना पुन्हा विचारलंस का, असं लिहिणार होते, पण तू शंभर वेळा विचारलं असशील.

तिला सांगायचं नाही, ही तुझी शपथ मी मोडणार नाही. तू तिची आई आहेस. पण ताई, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, आणि आपली पोर भारी चलाख आहे. मी तिला शब्द दिला होता. आता त्या शब्दाचं काय करू ते मला सुचत नाही.

काल टेबलावरचे फर्मे मोजले. दहा गेले, अठरा उरलेत. आठवड्याला एक धरला तर पुरं होत नाही. तिला निदान शेवट तरी वाचायला मिळावा. या शनिवारपासून जास्त पाठवते. माझ्या हातात एवढंच आहे, आणि ते किती थोडं आहे ते मला कळतंय.

तू वेळेवर जेवतेस का? तुझा राग असला तरी असू दे, पण लिहीत जा.

धाकटी

१८ मे

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

मागच्या वेळी दोन पाठवले, या वेळी तीन घे! तळघराला रंग काढताहेत, त्यामुळे काम बंद आणि मला वेळच वेळ. म्हटलं, पोरीला मेजवानी द्यावी. तेराव्यात प्रधानाची अंगठी हरवते, आता बोल! भराभर वाच आणि कळव.

तुझी मावशी

२४ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

हे अक्षर नर्सबाईंचं आहे. पेन सुटतं हातातून, म्हणून मी सांगते आणि त्या लिहितात. आईला सांगणार नाहीत, असं त्यांनी कबूल केलंय.

आठवड्याला एक म्हणाली होतीस. मग दोन आले. परवा तीन. पाकीट हातात घेतलं तेव्हाच मला कळलं, उघडायच्या आधी. तळघराला खिडकीसुद्धा नाही, तिथे रंग कशाला काढतील? उरले तेरा. आठवड्याला तीन धरले तर जूनअखेर संपतात. म्हणजे तुला कुणीतरी त्याच सुमाराचं सांगितलंय. मावशी, माझ्याकडे दिवा नाही, पण तुझी पाकिटं आहेत.

आई औषधं आणायला खाली गेली होती तेवढ्यात रडून घेतलं. तुझा खूप राग आला. आईचा नाही आला, ती बिचारी रोज तोंड धुते. तुझा आला, कारण राजवाड्यात तूच एक खरी होतीस. मला मरायचं नाहीये गं. हे कुणाला म्हणताच येत नाही, कारण मी मरणारे हे कुणी म्हणतच नाही. आता नर्सबाई रडताहेत आणि अक्षर बिघडतंय, ते तू चालवून घे.

आता माझं ऐक. पुन्हा एकच पाठव. पहिल्यासारखा, शनिवारी टाकलेला. मला घाईने शेवट नको. मंगळवारी सकाळी दारात टपालवाल्याची चाहूल लागते तेव्हा मी बरी असते, बाकी कधीच नसते. तू सगळं एकदम देऊन टाकलंस तर माझ्याकडे मंगळवार उरणार नाहीत. शेवटचे फर्मे राहिले तर राहू देत.

आणि आईला मला कळलंय हे कळू देऊ नकोस. ती एवढ्या मेहनतीने लपवतेय.

रागावले तरी तुझीच,
खारू

१ जून

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

हो. खरं आहे. ताईने मेच्या सुरुवातीला कळवलं आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. तू मोठ्या मनाची आहेस, पण मला माफ करायची घाई करू नकोस. मी स्वतःला केलेलं नाही.

गेल्या शनिवारी माझं टपाल चुकलं, ते बरंच झालं. सोबत सोळावा आहे. एकच. बाकीचे बारा टेबलाच्या खणात ठेवून मी किल्ली मोठ्या बाईंकडे दिली आहे, नाहीतर माझाच हात जाईल. दर शुक्रवारी एक मागून घेईन. पैज अजून चालू आहे, सोडून देणार नाहीस ना?

जांभळं कापड आणून ठेवलं आहे. तुझ्या कपाळावर हात ठेवायला मी तिथे हवी होते.

तुझीच मावशी

१२ जुलै

प्रिय धाकटीस अनेक आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. लिहायला आज बसले, कारण इथल्या खोलीचं भाडं आजपर्यंतचं होतं, ती आवरून द्यायची होती.

शेवटचे तीन-चार आठवडे तिला एक पानही धरवत नव्हतं. मग मीच वाचायचे. तू हसशील, मी आणि राजवाड्यातल्या थापा. मला आवाज बदलून वाचता येत नाही म्हणून ती चिडायची. काकी काकीसारखी वाच, म्हणायची. विसावा फर्मा मागच्या मंगळवारी आला. निम्मा वाचून झाला तेव्हा तिने डोळे मिटले. झोपली समजून मी पानात बोट घालून बसले. त्याच संध्याकाळी गेली. बोट कधी काढलं, आठवत नाही.

तिला कळलं होतं, हे मला माहीत होतं. नर्सबाई काही बोलल्या नाहीत, पण जूनमध्ये तिने प्रश्न विचारणंच सोडलं, आणि आईला तेवढं पुरतं. तरी मी बोलले नाही. मी व्हरांड्यात रडायचे, ती मी खाली गेले की रडायची. एका खोलीत होतो गं आम्ही. एकदा तरी दोघींनी मिळून रडायला हवं होतं. हे आता कुणाला सांगू?

एकविसावा फर्मा या मंगळवारी आला, तिच्या नावाने; तार हाती पडायच्या आधीच तू टाकला असशील. टपालवाल्याकडून मीच घेतला. विसाव्याचा उरलेला भाग वाचला आणि मग तो वाचला. राजकन्या दिवा लावते, काकीला समोर बसवते आणि विचारते, तू मला का सांगितलं नाहीस? तिथे फर्मा संपतो.

काकी काय उत्तर देते, ते बाविसाव्यात असेल. तुझ्याकडे सात उरलेत. मला पाठव. पत्ता आता घरचा घाल. सगळे एकदम पाठवू नकोस, मला सोसणार नाही. आठवड्याला एकच. मंगळवारी मिळेल असा.

तुझी ताई