माझं घर एक रात्रही रिकामं राहू नये म्हणून

मी, लेम्पी कांगास, कै. आर्मास कांगास यांची पत्नी, वय वर्षे ८१, राहणार बर्च गल्ली, कार्व्हर मिल, मिशिगन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध पूर्णपणे जागेवर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो डॉक्टर माझ्या भाच्याबरोबर मासे पकडायला जातो, म्हणून शेजारच्या गावातल्या दुसऱ्या डॉक्टरचाही दाखला जोडला आहे. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांतलं दुसरं भाच्यानेच टाइप करून आणलं होतं.

१. माझ्या मालकीची तीन घरं आहेत. मी राहते ते बर्च गल्लीतलं, मागच्या अंगणातल्या सॉनासकट, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासकट. स्टेशनजवळचं दोन बिऱ्हाडांचं, भाड्याने दिलेलं. आणि डेपो रस्त्यावरचं, तेही भाड्याने दिलेलं, ज्याला सगळं गाव ‘अर्धं घर’ म्हणतं.

२. ते अर्धं का, हे नव्या लोकांना माहीत नसतं म्हणून लिहिते. पूर्वी ते इतरांच्या घरांएवढंच होतं. एका जानेवारीत भाडेकरूच्या मोरीतला नळ गोठला. माझ्या नवऱ्याने ब्लोटॉर्च पेटवला आणि नळीवर धरला. इथले सगळे पुरुष असंच करतात, आणि शेजारच्या घरी आग लागलेली पाहूनही पुन्हा तसंच करतात. पाणी मोकळं झालं. थंडी अडवायला भिंतीच्या आत भरलेला लाकडाचा भुसाही पेटला. माणसं वाचली, घर गेलं.

विमा होता. माझा सख्खा भाऊ ओइवा विमा एजंट होता आणि पत्ते खेळता खेळता त्यानेच आर्मासला तो विकला होता. “भाड्याच्या घराला कशाला भारी विमा? स्वस्तातला घे, आग काय, आगच असते!” असं तो म्हणाला होता. कंपनीचा माणूस आला, राखेत फिरला आणि म्हणाला, “छप्पर जुनं होतं. भिंती जुन्या होत्या. जुन्याचे पैसे जुन्यासारखेच मिळतील.” नवं घर बांधायला जितके लागतात त्याच्या निम्मेच आले. म्हणून जुन्या पायावर आम्ही निम्मंच घर बांधलं. उरलेल्या पायावर मी बटाटे लावते. ओइवा मेला तेव्हा मी त्याच्या अंत्यविधीला गेले, पण नंतर सगळ्यांबरोबर कॉफी घेतली नाही.

तेव्हापासून प्रत्येक विमापत्र मी स्वतः वाचते. नवा भाडेकरू आला की किल्ली देण्याआधी त्याला टेबलाशी बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवते. काहीजण जांभया देतात. त्यांना मी घर देत नाही.

३. स्टेशनजवळचं मोठं घर माझा भाचा व्हर्नन हाक्कला, म्हणजे ओइवाचा मुलगा, याला द्यावं. रक्ताचं नातं आहे, नाइलाज आहे. मात्र त्या घराचा विमा त्याने स्वतःच्या एजन्सीतून काढू नये. कारण सांगते. मागच्या वर्षी तो माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, “आत्या, तू त्या घरात स्वतः राहतेस असं लिहून टाक ना. हप्ता केवढा उतरेल!”

“आणि आग लागल्यावर कंपनी विचारेल, बाई, तुमचा पलंग कुठे होता?”

“कोण विचारतंय आत्या? तू उगाच सगळ्यांवर संशय घेतेस.”

“तुझ्या बापावर घेतला नाही, म्हणून बटाटे लावतेय.”

त्यावर त्याने माझ्याच वेलदोड्याच्या पावाचा तिसरा तुकडा उचलला. तर अट अशी: विमा भाड्याच्या घराचाच असावा, जळालं तर नवं बांधून मिळेल एवढ्याचा असावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत बुडणारं भाडंही त्यात धरलेलं असावं. घरात लाकडं जाळायची शेगडी आहे हे लपवू नये. विमापत्र दर वर्षी वकीलबाई मार्गो लिंडहोम यांना दाखवावं. न दाखवल्यास घर विकून पैसे अग्निशामक दलाला द्यावेत. वकीलबाईंवरही माझा फार विश्वास आहे असं नाही, म्हणून या मृत्युपत्राची दुसरी प्रत बँकेत आहे.

४. आता अर्ध्या घराचा भाडेकरू, लियॉन बूशार. नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. त्याच्याइतका संशय मी कोणावरच घेतलेला नाही. भाडं वेळेवर देतो, हेच आधी खटकलं. विमापत्र वाचताना जांभई दिली नाही, उलट प्रश्न विचारले, तेही खटकलं.

गेल्या जानेवारीत मी पायरीवर घसरले आणि खुबा मोडला. इस्पितळातून घरी आले तेव्हा मार्च उजाडला होता. व्हर्नन फुलं घेऊन यायचा. घराकडे बघितलंस का असं विचारलं, तर म्हणायचा, “घर कुठे पळून जातंय आत्या?” फुटलेल्या नळ्या आणि जमिनीवर बर्फ, एवढंच डोळ्यांसमोर ठेवून मी दार उघडलं. घर उबदार होतं. नळ सोडला, पाणी आलं. सोफ्याची उशी दबलेली होती. माझी खात्री पटली की चोर शिरला. आधी चांदीचे चमचे काढून बसले, मग लियॉनला बोलावलं.

“माझ्या घरात कोण झोपत होतं?”

“मी.”

“कोणाला विचारून?”

“तुम्हीच नाही का वाचून दाखवलं, मिसेस कांगास? घर तीस दिवस रिकामं राहिलं की विमा असून नसल्यासारखा. म्हटलं, कंपनीने हात वर करायला नकोत. कामावरून सुटलो की इथे येऊन शेगडी पेटवायचो आणि आडवा व्हायचो. सोफा फार आखूड आहे तुमचा.”

“किल्ली कुठून आणलीस?”

“सॉनाच्या दारामागे, अंग झोडायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीखाली. अख्ख्या गावाची तिथेच असते.”

“आणि चमचे?”

“मोजा की.”

मोजले. सगळे होते. एक काटा वाकडा दिसला, तो आधीपासूनच तसा असू शकेल. त्या दिवशी मी त्याला कॉफी दिली. आभार मानायचे राहून गेले.

तरी माझं राहतं घर आणि अर्धं घर, दोन्ही लियॉन बूशार याला द्यावीत. एकात राहावं, दुसरं भाड्याने द्यावं. घरात आलेला पाहुणा सोफ्यावर झोपत असेल, तर सोफा बदलावा. तो आखूड आहे हे मला माहीत होतं.

५. किरकोळ वस्तू. केस वाळवायचं यंत्र मोठ्या घराच्या भाडेकरूंना; नळ गोठला तर त्याने शेकावा, ज्वाळेने नाही. आर्मासचा ब्लोटॉर्च, जो मी अजून ठेवला आहे, व्हर्ननला. त्याने तो ऑफिसच्या भिंतीवर टांगावा.

६. मी गेले की माझं घर रिकामं होईल. कोर्टाची कामं काय वेगाने चालतात ते ठाऊक आहे. कंपनीचे तीस दिवस त्याआधी सरतात. म्हणून ज्या दिवशी मी जाईन त्याच रात्रीपासून लियॉनने या घरात झोपावं, शेगडी चालू ठेवावी, आणि वकीलबाईंनी विमा कंपनीला तसं लेखी कळवावं. त्याने माझ्या पलंगावर झोपावं. चादरी धुतलेल्या आहेत.

७. हे लिहिलेलं समोर ठेवून साक्षीदार बसले आहेत. आत्ताच लियॉन दारातला बर्फ काढून आत आला. टेबलाशी मंडळी बघून म्हणाला, “साक्षीदार कमी पडतायत का? मी करू सही?”

“तुझी सही मला नको,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. “इतकी वर्षं झाली, मिसेस कांगास, अजून माझ्यावर भरवसा नाही म्हणा की,” असं म्हणून तो फावडं घेऊन निघून गेला. ज्याला काही मिळायचं असतं, त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली, तर त्याचं मिळणं धोक्यात येतं. हे मी त्याला सांगितलेलं नाही, कारण आज सांगितलं तर तो दोन्ही घरं नको म्हणेल. हे वाचलं जाईल तेव्हा त्याला कळेल. तोवर रागावला तर रागावू दे. उद्याही बर्फ काढायला येईलच, त्याबद्दल मला शंका नाही.

सही: लेम्पी कांगास

साक्षीदार:
सिल्व्हिया मात्तिला, शेजारीण (हिला काहीही मिळणार नाही हे सांगूनही आली)
क्लिफर्ड रूसो, निवृत्त पोस्टमन (याला सांगायची गरज पडली नाही)

स्थळ: कार्व्हर मिल, माझं स्वयंपाकघर
दिनांक: ११ डिसेंबर २००९