तिसऱ्यांदा न विचारल्यामुळे गोठलेल्या तळ्यावर राहावे लागत असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य करार अधिकारी,
पेलिकन पाथ फिरत्या परिचारिकांची एजन्सी,
टॅम्पा, फ्लोरिडा.

अर्जदार : श्रीमती अर्लिस ट्वेट, प्रसूती कक्षातील परिचारिका.
सध्याचा पत्ता : वाइनो हाकाला यांची मासेमारीची खोली (हिरवी), टॅमरॅक तळ्याच्या मधोमध, टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा.

विषय : करारात राहण्याच्या सोयीचे कलम घालून मिळणेबाबत. (बर्फ वितळण्यापूर्वी.)

संदर्भ : १) आपला-आमचा तेरा आठवड्यांचा करार.
२) अर्जदाराचा याच विषयावरील पहिला अर्ज.
३) आपले उत्तर : "ध्वनिमुद्रण तपासले असता आपण सर्व सुविधा स्वखुशीने नाकारल्याचे आढळते."

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही वॉर्नेस या गावच्या रुग्णालयात उभा जन्म बाळंतपणे करीत आली. गेल्या उन्हाळ्यात रुग्णालयाने प्रसूती कक्ष परवडत नाही म्हणून बंद केला आणि त्या जागी गुडघ्यांच्या व्यायामाची यंत्रे बसविली. त्यामुळे गावात बाळे जन्मावयाची थांबली नाहीत, ती आता वाटेत मोटारीत जन्मतात. अर्जदार विधवा असून तिला गुडघ्यांत रस नाही. सबब जेथे परिचारिका कमी असतील तेथे एजन्सीच्या कराराने जाऊन काम करावयाचे, असे तिने ठरविले.

२. एजन्सी निवडताना अर्जदाराने घाई केली, असा आपला समज असल्यास तो दूर करावा. एकूण तीन एजन्सी पाहिल्या. पहिलीने पगाराचा एवढा मोठा आकडा सांगितला की अर्जदाराला खुर्चीवर बसावे लागले. परंतु त्यात पगार किती आणि भत्ते किती, हे विचारताच त्यांचा फोन बोगद्यात गेला. दुसरीचे म्हणणे असे की, संध्याकाळपर्यंत सही करा, करार मागाहून दाखवू. आपल्या एजन्सीचे भरती प्रतिनिधी श्री. ओस्वाल्दो केसादा यांनी मात्र कराराचा मसुदा आधीच पाठविला आणि वॉर्नेसचा प्रसूती कक्ष बंद झाला हे ऐकून, "अरेरे, मिस अर्लिस, मग त्या बायकांनी जायचं कुठं?" असे विचारले. हा प्रश्न दुसऱ्या कोणीही विचारला नव्हता. अर्जदाराने आपली एजन्सी निवडली ती त्या प्रश्नामुळे, आणि त्याबद्दल तिला आजही पश्चात्ताप नाही.

३. करार कसा घासून घ्यावा याचे शिक्षणही अर्जदाराने घेतले होते. तिची जुनी सहकारी डोरीन अलास्कापासून ॲरिझोनापर्यंत अशा नोकऱ्या करून आलेली आहे. तिने बजावले होते, "राहायची सोय, हमीचे तास, कुठल्या वॉर्डात पाठवतील, ही तीन कलमं लेखी घे बाई. नाहीतर पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणत बसशील. तो पोरगा विचारीलच, तू फक्त हो म्हण." डोरीन मूळची टेक्ससची. 'हो' हा शब्द आमच्याकडे कसा म्हणतात हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही.

४. श्री. केसादा यांच्याशी फोनवर झालेल्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात जे आहे ते खरेच आहे. अर्जदार ते नाकारीत नाही. सोयीसाठी खाली उतरवून देत आहे.

"मिस अर्लिस, राहायची सोय आम्ही करायची का?"

"छे छे! माझ्यासाठी कशाला एवढा खटाटोप?"

"बरं, मग राहिलं."

यानंतर जी शांतता ऐकू येते ती अर्जदाराची आहे. त्या शांततेत ती दुसऱ्यांदा विचारले जाण्याची वाट पाहत होती. श्री. केसादा त्या वेळी, आवाजावरून, कुरकुरीत काहीतरी खात होते.

"रुग्ण कमी आहेत म्हणून हॉस्पिटलनं घरी पाठवलं, तरी त्या तासांचा पगार पक्का हवा का?"

"मिळाला तर वाईट नाही."

"आणि गरज पडली तर दुसऱ्या वॉर्डात पाठवलेलं चालेल?"

"ते जरा निराळंच होईल, नाही का?"

"वा! तुमच्यासारखी बिनतक्रार नर्स मी बघितली नाही, मिस अर्लिस!"

५. येथे खुलासा करणे आवश्यक आहे. आमच्या भागात कोणी काही देऊ केले की पहिल्यांदा 'छे छे' म्हणतात. दुसऱ्यांदा विचारले की 'अहो, खरंच नको' म्हणतात. तिसऱ्यांदा विचारले की उसासा टाकून 'आता एवढा आग्रहच असेल तर' असे म्हणून हात पुढे करतात. पहिल्याच 'छे छे'ला ताट उचलून नेणारा माणूस आमच्याकडे अद्याप जन्मलेला नाही. निदान अर्जदाराच्या हातून तरी नाही. तसेच 'वाईट नाही' ही येथील सर्वोच्च पसंती होय. अर्जदाराच्या दिवंगत पतीने तिला मागणी घातली तेव्हा तिने हेच उत्तर दिले होते, आणि तो संसार मोडला नाही. याउलट 'निराळंच' हा शब्द फक्त अंत्यविधीच्या जेवणात कोणी बिघडवलेल्या भट्टीतल्या बटाट्यांच्या पदार्थाबद्दल वापरतात. श्री. केसादा यांनी करारात 'हमीचे तास : आग्रही नाही' आणि 'इतर वॉर्ड : वैविध्याची आवड आहे' असे लिहिले. त्यांना दोष नाही. ज्या गावात लोक भूक लागली की 'भूक लागली' म्हणतात, तेथे ते वाढले.

६. पुरावा म्हणून, अर्जदाराची नेमणूक झाली त्या टॅमरॅक फॉल्सच्या रुग्णालयाच्या चहाच्या खोलीतील परात पाहावी. कोणीतरी केलेल्या चॉकलेटच्या वड्या सकाळी तेथे ठेवतात. शेवटची वडी कोणी घेत नाही. एकजण तिचे अर्धे करतो, दुसरा त्या अर्ध्याचे अर्धे. संध्याकाळी परातीत मुंगीला पुरेल एवढा तुकडा असतो आणि त्यावर स्वच्छ कागद झाकलेला असतो. अशा लोकांकडून फोनवर कराराची कलमे मागवून घेणे म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणण्यासारखे आहे.

७. वैविध्याच्या आवडीचा परिणाम असा झाला की अर्जदारास पहिल्या आठवड्यात हाडांच्या वॉर्डात, दुसऱ्या आठवड्यात मानसिक आरोग्य विभागात, आणि नंतर तळ्यावरील मासेमारीच्या स्पर्धेतील प्रथमोपचार तंबूत पाठविण्यात आले. तेथे तिने दिवसभर पुरुषांच्या बोटांतून गळ काढले. एकाने कळवळून, "तुम्ही पूर्वी काय करत होता?" असे विचारले असता, "बाळंतपणं. तिथं एवढं ओरडत नाहीत," असे उत्तर अर्जदाराने दिले. सदर उत्तराबद्दल तिची रुग्णालयाकडे तोंडी तक्रार झाली आहे, ती योग्य आहे.

८. आता राहण्याबाबत. हिवाळ्यात टॅमरॅक फॉल्सच्या मोटेलात मासेवाले आणि बर्फावर गाड्या पळविणारे भरलेले असतात. अखेर प्रसूती कक्षात रात्रपाळी मिळाल्यावर गावातील श्री. वाइनो हाकाला यांच्या नातीचे बाळंतपण अर्जदाराने केले, तेव्हा त्यांनी आपल्या घरची माडीवरची खोली देऊ केली. अर्जदार 'छे छे' म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारले. अर्जदार 'अहो, खरंच नको' म्हणाली. ते तिसऱ्यांदा तोंड उघडणार तोच वॉर्डातून हाक आली, एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या आणि अर्जदार धावली. अर्धवट राहिलेला आग्रह पुन्हा सुरू करण्याची आमच्याकडे रीत नाही. त्या आठवड्यात ती खोली हाकाला यांच्या मेव्हण्याला गेली. तो पहिल्याच खेपेला हो म्हणाला. तो विस्कॉन्सिनचा आहे.

तथापि हाकाला यांना वाईट वाटून त्यांनी हिवाळ्यापुरती गोठलेल्या तळ्यावर ओढून नेलेली आपली मासेमारीची लाकडी खोली देऊ केली आणि या वेळी तिन्ही वेळा नीट विचारले. खोली उबदार आहे, शेगडी आहे, दोन फळ्यांचे बिछाने आहेत. गळ टाकण्यासाठी पायाखालच्या फळ्यांत आणि बर्फात चार भोके असून त्यांखाली तळे आहे. अर्जदार रात्रपाळी करते व दिवसा झोपते. दिवसा हाकाला व त्यांचे दोन मित्र त्याच भोकांपाशी गळ टाकून बसतात. ते अत्यंत सभ्य आहेत. मासा लागला की ओरडत नाहीत, एकमेकांना कोपराने ढोसतात. तरी गेल्या मंगळवारी एक मोठा पाइक मासा अर्जदाराच्या उशीवर आला. "उठवलं का तुम्हाला? आम्ही जाऊ का?" असे त्यांनी तीनदा विचारले. अर्जदाराने तिन्ही वेळा 'छे छे, बसा' म्हटले. ही तिची स्वतःची चूक असून त्याबद्दल आपल्याकडे काही मागणे नाही.

९. पहिल्या अर्जात हे सर्व कळविल्यावर आपण श्री. केसादा यांस तीनदा विचारण्याचे आदेश दिलेत, याबद्दल आभार. मात्र त्यांनी फोन करून, "मिस अर्लिस, राहायची सोय हवी का, हवी का, हवी का?" असे एका दमात विचारले. अर्जदार 'छे छे' म्हणाली. त्यांनी समोरच्या रकान्यात तीन वेळा नकार लिहिला आणि प्रकरण बंद केले. महोदय, एका दमात तीनदा विचारणे हे एकदाच विचारणे होय. मधे हवापाण्याच्या चार गोष्टी व्हाव्या लागतात, कोणाच्या तरी पाठदुखीची चौकशी व्हावी लागते, निदान कॉफीचा घोट तरी घ्यावा लागतो. याबाबत आमच्या लुथेरन चर्चच्या स्वयंपाक समितीचा दाखला सोबत जोडला आहे. समितीने तो देण्यास प्रथम दोनदा नकार दिला होता.

१०. आता जे आहे ते असे. मार्चच्या मध्यावर सरकारी हुकमाने तळ्यावरील सर्व खोल्या काढाव्या लागतात. करार त्यानंतरही महिनाभर चालतो. बर्फ आताच दुपारी गुरगुरू लागले आहे. येथील प्रथेप्रमाणे गावाने एक जुनी मोटार बर्फावर नेऊन ठेवली असून, ती कोणत्या दिवशी बुडेल यावर सर्वजण तिकिटे घेतात. यंदा ती अर्जदाराच्या दाराजवळ ठेवली आहे. किराणा दुकानातील पोरी विचारतात, "आधी मोटार जाईल की अर्लिस?" अर्जदारानेही एक तिकीट घेतले, कारण जमा होणारी रक्कम बालवाडीला जाते.

रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका जीनेट यांनी काल सांगितले, "जागा नाही म्हणून तुम्ही गेलात तर रात्रीचा प्रसूती कक्ष बंद ठेवावा लागेल. मग या बायकांना नव्वद मैल जावं लागेल, बर्फातून." आणि मग, आमच्या पद्धतीने, "अर्थात तुमच्यावर काही बळजबरी नाही," असे त्या खिडकीकडे पाहून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

११. येथपर्यंत अर्जदाराने 'अर्जदार' म्हणून लिहिले, कारण त्या नावाच्या आड लपता येते. ताकाला जाऊन भांडे लपविणे आम्हाला आईच्या दुधातून मिळते, आणि भीड ही भिकेची बहीण, हे मला या वयात, चार भोकांच्या कडेला झोपून कळले. म्हणून आता मी लिहिते.

मी एक प्रसूती कक्ष बंद होताना पाहिला आहे. शेवटच्या दिवशी पाळणे पुसून मीच कोठीत ठेवले. दुसरा माझ्या 'छे छे'मुळे बंद झालेला मला बघवणार नाही.

मला जमिनीवर राहायला जागा हवी आहे. मला हमीचे तास हवे आहेत. मला बाळंतिणी आणि बाळे सोडून दुसऱ्या कोणत्याही वॉर्डात, तंबूत किंवा स्पर्धेत जायचे नाही. ही तीन वाक्ये मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिली आहेत. मला भेटायला आलेल्या नणंदेने ती वाचली आणि, "बाई गं, केवढी ही उघडी भाषा!" म्हणून पदार्थ करपल्यासारखी नाक मुरडून बाहेर गेली.

१२. तरी महोदयांनी वरील तीन कलमे करारात समाविष्ट करून सुधारित प्रत बर्फ घट्ट आहे तोवर पाठवावी. श्री. केसादा यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये. तो पोरगा मनाने चांगला आहे. त्याला थोडे हळू विचारायला शिकवले की पुरे.

आपणांस या कामी फार त्रास होणार असेल, तर राहू द्यावे. माझे काही अडणार नाही.

आपली नम्र,
अर्लिस ट्वेट

दि. २७ फेब्रुवारी
टॅमरॅक तळे

सोबत :
१) ध्वनिमुद्रणाची उतरवलेली प्रत, शांततेसह.
२) स्वयंपाक समितीचा दाखला.
३) वाइनो हाकाला यांचे पत्र. (त्यांनी फक्त 'वाईट बाई नाही' एवढेच लिहिले आहे. कलम ५ पाहावे.)

ता. क. : सहीच्या वरची ओळ हात सवयीने लिहून गेला. खोडली तर अर्ज गचाळ दिसेल, म्हणून तशीच ठेवली आहे. तिला माझे पहिले 'छे छे' समजावे. दुसरे मी आपला फोन आल्यावर म्हणेन. कृपया त्या वेळी फोन ठेवू नये.