मोरीच्या कठड्यापर्यंत

बाई, परवा सकाळी पिंगळीच्या अलीकडे, कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर मी सायकल चालवत होते आणि मला उतरता येईना. शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीसमोरून तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिनं विचारलं, "काय हरवलंय का वं?" मी म्हटलं, "नाही, फिरायलेय." पन्नाशी ओलांडलेली संस्कृतची मास्तरीण सकाळी सकाळी कालव्यावर येरझाऱ्या घालते, यात तिला फिरण्यासारखं काही दिसलं नसावं. चौथ्या खेपेला मी डावा पाय पॅडलवरून काढला आणि खाली जमीन शोधली. जमीन लागली नाही, चप्पल मात्र गळून पडली. म्हातारीनं ती काठीच्या टोकावर उचलून धरली आणि ओरडली, "अगं माय, उतरता येत न्हाई म्हन की तसं!" शेवटी मागून स्कूटरवर येणाऱ्या आमच्या ह्यांनी स्कूटर उभी केली, धावत येऊन कॅरियर धरलं आणि मला गाठोड्यासारखं उतरवून घेतलं.

या वयात हे कुठून सुचलं, असं तुम्ही असतात तर विचारलं असतंत. माझी मुलगी नोकरीसाठी इंग्लंडात असते. सुट्टीच्या दिवशी ती सायकल घेऊन तिथल्या खेड्यापाड्यांतून हिंडते आणि रस्त्यांचे फोटो पाठवते. आपली जमीन परातीसारखी; तिकडची कुणी गोधडी झटकून तशीच टाकून दिल्यासारखी, सगळीकडे उंचवटे आणि उतार, सगळे हिरवे. रस्ते एवढे अरुंद की समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर एकीनं माघार घ्यावी. दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं, आणि तासभर चाललं तरी वाहन नाही. भेटलाच कुणी तर हात हलवून पुढं जातो. तू कुणाची, निघालीस कुठं, हे विचारत नाही. अशा शांत रस्त्यांची तिनं आठ दिवसांची आखणी केली आहे, गावातून गावात, आणि मला बोलावलं आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या मायलेकींच्या भेटी झाल्या त्या लग्नाच्या मांडवात नाही तर दवाखान्यात, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मग तिनं फोनवर विचारलं, "आई, पण तुला सायकल येते ना नीट?" मी म्हटलं, "येते. फक्त उतरायला दगड लागतो." ती आधी हसली, मग हसायची थांबली. "तिथं वळणावरून एकदम ट्रॅक्टर येतो. त्याच क्षणी थांबून पाय टेकता आला पाहिजे. दगड शोधत बसलीस तर मी तुला नाही नेणार. शिक आधी, मग तिकीट काढते." माझीच लेक आहे. परीक्षा घेतल्याशिवाय वरच्या वर्गात घालत नाही.

दगड लागतो हे तिला विचित्र वाटलं. मला ते कधीच वाटलं नव्हतं, कारण मी सायकल तुमच्याकडून शिकले. आपल्या गावापासून पिंगळीच्या शाळेपर्यंत दोन रस्ते होते. मोठ्या रस्त्यावर एस.टी., बैलगाड्या, ओळखीची माणसं. कालव्याच्या रस्त्यावर बाभळी आणि बगळे. तुम्ही कायम कालव्याचा घेत होतात, लांबचा असूनही. मारुतीच्या पारावरून तुम्ही सायकलवर बसता, मैलाच्या दगडाशी मी मागून पडले नाही ना याची खात्री करता, मोरीच्या, म्हणजे त्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर पाय टेकून पदर सारखा करता, आणि मग थेट शाळेची पायरी. मी कॅरियरवर दप्तर पोटाशी धरून संस्कृत धातूंची रूपं म्हणत असते आणि चुकले की तुम्ही मान न वळवता घंटी वाजवता. या ठिकाणांच्या मध्ये तुम्ही कधी उतरला नाहीत. हेडमास्तर भेटले तरी नाही. "नमस्कार सर, मोरीवर थांबते," असं म्हणून तुम्ही पुढं, आणि सर बिचारे धोतर सावरत मोरीपर्यंत धावतायत. "बाई लय शिष्ट हायत," असं गावात म्हणायचे. मला मात्र तो केवढा रुबाब वाटायचा. पुढं तुम्ही मला त्याच सायकलवर बसवलंत, दवाखान्यातल्या एका उंच नर्सबाईंकडून जुनी घेतलेली ती काळी सायकल, आणि पहिला धडा दिलात: उतरायची जागा दिसल्याशिवाय निघायचं नाही. एवढंच सूत्र. त्यावरचं भाष्य मी आयुष्यभर लिहीत बसले. बदली घेताना, घर बांधताना, भांडण उकरताना सुद्धा मी आधी पुढचा कठडा पाहिला. ह्यांचं मत आहे की त्यामुळेच आमची भांडणं कधी पूर्ण झाली नाहीत.

आता त्या दिवसाचं. तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला आठवत असणार. शाळा सुटून आपण परत निघालो होतो. मोरी अजून लांब होती. तेवढ्यात गावाकडून तुमच्या भावाचा सालगडी धावत येताना दिसला. दोन्ही हात वर करून तो ओरडत होता, "बाई, थांबा! थांबा वं! माय गेली!" तुम्ही थांबला नाहीत. त्याच्या अगदी जवळून आपण पुढं गेलो, आणि तुम्ही नेहमीच्या आवाजात म्हणालात, "मोरीवर ये." तो वळून आपल्या मागं धावू लागला. तुमची चप्पल पडली होती. मी कॅरियरवरून उडी मारली, चप्पल उचलली आणि त्याच्याबरोबर पळत मोरीवर आले. तुम्ही कठड्याला पाय टेकून बसला होतात, एक पाय अनवाणी, डोळे कोरडे. चप्पल घातलीत, "चल" म्हणालात, आणि घरापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलात. रात्रीच्या आत गावभर झालं होतं. आमच्या ओट्यावर बायका बोलत होत्या, "सख्खी माय मेली तरी सायकलीवरून उतरली न्हाई. दगड हाय ती, दगड." माझी आईसुद्धा म्हणाली, "इतकं बी कडक असू न्हाई माणसानं." तुमच्या भावजयीनं तर तुमच्या तोंडावर म्हटलं. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. ना तेव्हा, ना पुढं कधी. मी मात्र त्याच वर्षी तुमच्याकडून स्थितप्रज्ञाची लक्षणं शिकत होते, आणि मला उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही.

परवा म्हातारीनं काठीवर माझी चप्पल धरली तेव्हा मला तुमची आठवली. बाई, चालती सायकल, वहाण पायात घट्ट, मग ती पडली कशी? पडली, कारण तुम्ही पॅडलवरून पाय काढला होता. मागं बसून मी तो पाहिलाही होता: डावा पाय खाली ताणलेला, अंगठा जमीन चाचपणारा, एकदा, मग परत एकदा. मला वाटलं होतं, पाय थरथरतोय. तुम्ही उतरायचा प्रयत्न करत होतात. नर्सबाई उंच होत्या, तुम्ही बेताच्या, सीटचा नट गंजून बसलेला, मागं माझं ओझं. पुढं सरकून उतरतात हे तुम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि तुम्ही विचारणाऱ्यातल्या नव्हतात. ते सूत्र, तो रुबाब, तो कालव्याचा निवांत रस्ता, जिथं मध्येच थांबवणारं कुणी भेटत नाही, ते सगळं त्या नटामुळं होतं. आणि आईच्या मरणाची हाक ऐकून तुम्हाला मोरीपर्यंत जावं लागलं. "मला उतरता येत नाही" या चार शब्दांऐवजी तुम्ही गावाकडून 'दगड' हे नाव घेतलंत आणि शेवटपर्यंत बाळगलंत. याला काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. स्थितप्रज्ञ नक्कीच नाही.

ह्यांनी घरी आल्यावर सायकलकडे पाहिलं. लेकीची शाळेतली सायकल, सीट तिच्या उंचीची. "पाय कुठं पुरायलाय तुझा? सीट खाली घ्यायची की. उगं भ्यायलीस इतके दिवस." पाना आणला, नट सैल केला, सीट दाबली, नट आवळला. चहा उतू जायच्या आत झालं. दुसऱ्या दिवशी मी कालव्यावर गेले. मोरीचा कठडा आता राहिलेला नाही, तिथं लोखंडी नळी बसवली आहे. पण मोरीपासून बरंच पिंगळीच्या बाजूला, जिथं तुमची चप्पल पडली होती असं मला वाटतं, तिथं मी ब्रेक दाबला आणि पाय टेकला. पाय टेकला, बस. इतकं सोपं होतं की मला तुमचा राग आला. मग मी काही कारण नसताना अधेमधे थांबत गेले, कधी बाभळीशी, कधी उसाच्या बांधाशी. म्हातारीपाशी तर मुद्दाम थांबले. ती म्हणाली, "जमलं म्हन की." मी म्हटलं, "जमलं." मग तिनं मी कुणाची, कुठली, हे सगळं विचारलं आणि मी उभ्या उभ्या सांगितलं; तुमची विद्यार्थिनी, हेही सांगितलं. तिला तुमचं नाव आठवत होतं. "ती व्हय," म्हणाली, "माय मेली तरी उतरली न्हाई ती?" मी हो म्हटलं.

लेकीनं तिकीट काढलं आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट इथंच लिहून ठेवते. दर वर्षी वर्गात स्थितप्रज्ञाचा पाठ आला की मी तुमची गोष्ट सांगते: हाक आली, बाई डगमगल्या नाहीत, मोरीपर्यंत गेल्या. काल तो पाठ होता. गोष्ट मी सांगितली, नेहमीसारखीच. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण त्या थांबल्या का नाहीत?" मी तिला खाली बसायला सांगितलं. चपलेचं काही बोलले नाही.