सहलीची बस आमच्या दारावरून नेऊ नये

दिनांक : ९ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. सहल समन्वय अधिकारी,
ज्येष्ठ विद्यार्थी ज्ञानसहल कक्ष,
धाराशिव.

विषय : रविवार दि. १४ रोजीच्या ज्ञानसहलीची बस बेंबळी येथे अर्जदाराच्या घरासमोरील रस्त्याने न नेणेबाबत व हॉर्न न वाजवणेबाबत.

संदर्भ : १) आपले मंजुरीपत्र, दि. १ डिसेंबर.
२) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज. आपल्या दप्तरी असतील. नसतील तर नसोत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, मी खाली सही करणार रामकिसन नागोराव सोनटक्के, वय ७७, धंदा पूर्वी पिठाची गिरणी, हल्ली काही नाही, राहणार बेंबळी, सविनय सादर करतो की, आमच्या गावच्या ज्येष्ठ विद्यार्थी मंडळाची धाराशिव लेणी येथील एकदिवसीय ज्ञानसहल आपण मंजूर केली, त्याबद्दल मंडळ आपले आभारी आहे. मंडळाचा सचिव या नात्याने आभार मानणे माझे काम आहे म्हणून मानतो. माझा जन्म गिरणीच्या आवाजात गेल्यामुळे मला मोठ्याने बोलायची सवय आहे आणि लिहितानाही तेच होते. आधीच्या अर्जांत काही शब्द वर गेले असल्यास माफी असावी. या अर्जात जातील, त्यांचीही आताच मागून ठेवतो.

विषय वाचून आपण म्हणाल, म्हातारा चळला. सहल मागत होता, आता बस नको म्हणतो. म्हणून कारणे क्रमाने देत आहे.

१. माझी पत्नी सौ. कस्तुराबाई, वय ७४, हिचे माहेर तेर. दुसरीत असताना तिच्या शाळेची सहल बैलगाड्यांतून धाराशिवच्या लेण्यांना निघाली. गुरुजींनी सांगितले, वडिलांचा अंगठा घेऊन या. सासऱ्यांनी अंगठा दिला नाही. पोरीच्या जातीला कसली सहल, म्हणाले, आणि पहाटे दाराला बाहेरून कडी घातली. सासरे माणूस वाईट नव्हते, पण त्या दिवशी होते. पुढे तेराव्या वर्षी लग्न होऊन ती बेंबळीला आली, आणि तेव्हापासून लेणी हा शब्द आमच्या घरात मिठासारखा आहे. रोज लागतो.

२. आपण विचाराल की, लेणी काय सातासमुद्रापार आहेत? स्वतः का नेले नाही? नेले होते, साहेब. गिरणी विकली त्या साली नेले. धाराशिवच्या स्टँडवरून रिक्षा करून गेलो. लेण्याच्या तोंडाशी उभी राहून ती मला म्हणाली, "कुणी खोदलं हे?" मी म्हणालो, पांडवांनी, एका रात्रीत. ती म्हणाली, "जिथं जावं तिथं पांडवांनीच केलंय का? बाकी माणसं काय झोपली होती? सांगणारा न्हाय तर दगड बघून मी काय करू? दगड आपल्या शेतात लई हायेत." आणि बाहेर पायरीवर बसून भाकरी खाऊन परत आली. आत पाऊल टाकले नाही. तिचे म्हणणे असे की, सहल म्हणजे हजेरी घेणारा पाहिजे, आपले नाव पुकारले की "हजर" म्हणता आले पाहिजे, आणि पुढे चालत चालत सांगणारा पाहिजे. नवऱ्याबरोबर रिक्षाने जाणे याला ती सहल मानत नाही. मीही आता मानत नाही.

३. म्हणून आपल्या योजनेचा फलक ग्रामपंचायतीवर लागला तेव्हा आमच्या घरी दिवाळी झाली. "शिकण्यास वय नसते. तज्ज्ञ मार्गदर्शकासह विनामूल्य दर्शन." कस्तुराबाईने दुसऱ्याच दिवशी खाजाभाई मणियार, चन्नम्मा आणि गल्लीतल्या आणखी जुन्या हाडांना गोळा केले. दर गुरुवारी चावडीत बसून शाळेतल्या बाई आम्हाला इतिहास सांगू लागल्या. पुढच्या ओळीत बसण्यावरून चन्नम्मा आणि खाजाभाई यांची भांडणे झाली. इतकी वर्षे खाजाभाईने गावातल्या सगळ्या बायांना बांगड्या भरल्या, पण चन्नम्माने त्याला "मागं सरक रे" म्हणायचे सोडले नाही. सांगायचा मुद्दा, वर्ग नीट चालला होता. आम्ही अर्ज केला.

४. त्यावर आपल्या कक्षाचे पत्र आले की, प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकाचे संमतीपत्र जोडावे. मला वाटले, चुकून आले. मी येऊन भेटलो. टेबलावरच्या वैष्णवीताई भल्या आहेत. त्यांनी पाणी दिले आणि समजावले की, काका, सहलीचे नियम शाळांवरून घेतलेत, विद्यार्थी म्हटले की पालक आलाच. मी म्हणालो, माझे पालक स्मशानात आहेत. त्या म्हणाल्या, मग त्यांचा मृत्यूचा दाखला जोडा.

साहेब, माझे वडील गेले तेव्हा मेलेल्या माणसाला कागद लागत नसे. खांदेकरी लागत. तरी ज्यांना दाखले मिळाले त्यांनी आणले. खाजाभाईकडे काहीच नव्हते. त्याने अब्बांच्या कबरीजवळ उभे राहून फोटो काढला आणि सादर केला. तो आपण परत पाठवला. शेरा असा की, फोटोत अर्जदार स्पष्ट दिसतो, पालक दिसत नाहीत. खाजाभाईला तो शेरा मी वाचून दाखवला, तर तो हसला आणि फोटो पुसून त्याने खिशात ठेवला. त्याच्या अब्बांचा दुसरा फोटो नाही.

५. पुढे आपणच सवलत दिली की, पालक हयात नसल्यास सज्ञान अपत्याने पालक म्हणून सही करावी. इथे आमची चूक झाली. आम्ही गावंढळ माणसे, सही म्हटले की चार माणसांत, वाजतगाजत. सगळ्यांची पोरे चावडीत बोलावली, चहा-पेढे ठेवले आणि माईकवरून पुकारले की, आजपासून हे आमचे पालक. टाळ्या पडल्या. आम्ही गंमत केली आणि पोरांनी ती खरी धरली. त्या दिवसापासून कुणाचा पोरगा म्हणतो गोड खाऊ नका, कुणाचा म्हणतो चावडीत जास्त वेळ बसू नका. पालकाचे ऐकायचे असते, म्हणतात. खाजाभाईची यास्मिन तेवढी शहाणी. तिने सही केली आणि बापाला म्हणाली, अब्बा, खिडकीजवळ बसा.

माझा मुलगा योगीराज लातूरला असतो. त्याने माझ्या कागदावर सही केली, आईच्या कागदावर केली नाही. तिला काचबिंदू आहे. उजवा डोळा तेव्हा गेलेलाच होता, डावा जात होता. त्याचे म्हणणे, पायऱ्या आहेत, घसरली तर जबाबदार कोण? सही तर माझी असणार, म्हणाला. मी त्याला फोनवर काय काय बोललो ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, हट्ट करू नका." ज्याला मी पिठाच्या डब्यावर बसवून वाढवला, तो मला हट्ट करू नका म्हणतो! आणि त्याला हे म्हणायचा अधिकार आपल्या कागदाने दिला. पोरगाही वाईट नाही, साहेब. भितो. सासरेही भीत असतील.

कस्तुराबाई शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पहिलं बापानं पाठवलं न्हाय, आता लेक पाठवंना. मधी इतकी वर्षं तुमी व्हता. तुमी काय केलं?" मी कागद घेऊन पुढचा अर्ज लिहायला बसलो.

६. तिच्या कागदावर पती म्हणून मी सही करू का, असे मी अर्जाने विचारले. उत्तर आले की, पती हा सहप्रवासी असून पालक नाही. मी विचारले की, आम्ही दोघे तिला हाताला धरून नेतो, मी आणि चन्नम्मा, चालेल का? उत्तर आले की, प्रश्न नियमात बसत नाही. मी विचारले की, मग नियमात काय बसते? याचे उत्तर आले नाही. यात पावसाळा गेला. दसऱ्याला तिला समईची ज्योत दिसत होती, दिवाळीत पणती कुठे आहे ते विचारावे लागले. आता उजेड-अंधार कळतो, एवढेच. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही.

योगीराज म्हणतो, आता दिसतच नाही तर जाऊन काय करणार? आपल्या कक्षातूनही तेच सांगण्यात आले. अहो, पण तिला बघायचे कधी होते? तिला ऐकायचे होते! हजेरीत नाव आणि सांगणारा माणूस, एवढेच ती मागत होती. त्याला डोळे कशाला लागतात? हे मी आपल्या तीन टेबलांवर सांगितले आणि तिन्ही टेबलांनी मान हलवली. मान हलवायला सगळे तयार असतात.

७. दि. १ डिसेंबरला मंजुरी आली. सगळ्यांची नावे आहेत. कस्तुराबाईचे नाव लाल शाईने खोडले आहे. शेरा : पालक संमती अप्राप्त. आपण म्हणू शकाल की, बसमध्ये तशीच बसवून न्या. ती तशी येणार नाही. हजेरीत नाव नसताना ती बसणार नाही, आणि मीही तिला चोरासारखी नेणार नाही.

म्हणून मी घरी येऊन सांगितले की सहल रद्द झाली, कुणाचीच होणार नाही. मंडळातल्या सगळ्यांना गप्प राहायला सांगितले आहे. चन्नम्मा रडली, पण गप्प राहील. मला वाटले होते, कस्तुराबाई आदळआपट करेल. तसे काही झाले नाही. ती लसूण सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "बरं झालं. कुणीच गेलं न्हाय म्हंजी मला टाकून कुणी गेलं न्हाय." आणि त्या रात्री ती जेवली. चांगली जेवली.

८. आता अर्जाचा मुद्दा. आमचे घर धाराशिव रस्त्याला लागून, दार रस्त्यावर. आपली बस पहाटे चावडीपाशी माणसे घेऊन आमच्या दारावरूनच जाणार. ड्रायव्हर लोकांना म्हाताऱ्यांना बोलवायला हॉर्न वाजवायची सवय असते. आणि बसमध्ये आमची मंडळी गप्प बसणारी नाहीत, खाजाभाई तर गातो. कस्तुराबाईचे डोळे गेल्यापासून कान फार तिखट झाले आहेत. कोणते पाऊल कुणाचे ते ती ओट्यावर बसून सांगते. खाजाभाईचा आवाज तर तिला झोपेतही कळेल.

तेरला त्या पहाटे तिने बैलगाड्यांची घुंगरे कडी लावलेल्या दाराआडून ऐकली होती. तेरणेच्या पात्रात गाड्या उतरेपर्यंत ऐकू येत होती, असे ती सांगते. आमच्या लग्नानंतर कितीतरी वर्षे आमच्या बैलांच्या गळ्यात तिने घुंगरू बांधू दिले नाही. मला वाटायचे, हिला आवाजाचा त्रास आहे. कारण मला मागाहून कळले.

करिता विनंती की,

(अ) बस वेशीच्या बाहेर, शाळेच्या मागच्या कच्च्या रस्त्याला उभी करावी आणि तिथूनच पुढे न्यावी. मंडळी चालत येतील, मी सांगून ठेवले आहे. रस्ता खराब आहे, पण ट्रॅक्टर जातात, बसही जाईल.

(आ) हॉर्न वाजवू नये. गावाची हद्द संपेपर्यंत तरी नाही. येतानाही नाही.

(इ) गावाच्या हद्दीत हजेरी घेऊ नये. धाराशिवला पोचल्यावर घ्यावी.

(ई) मार्गदर्शक मॅडमना सांगावे की, खाजाभाईला जरा सावकाश आणि दोनदा सांगावे. तो ऐकायला कच्चा आहे. तो मला परत येऊन सांगणार आहे, आणि मी तिला थोडे थोडे, कुठेतरी वाचल्यासारखे सांगेन. निदान पांडवांनी नाही, तर कुणी खोदले, एवढे तरी तिला कळू द्या.

(उ) या अर्जाचे उत्तर टपालाने पाठवू नये. आमचा पोस्टमन अमरनाथ दारातूनच ओरडतो, "अण्णा, सहलीचं पत्र!" मंजूर असो की नामंजूर, वैष्णवीताईंनी खाजाभाईच्या दुकानी निरोप द्यावा.

सहल मंजूर करा म्हणून मी आता काही मागत नाही. ते मागून झाले. माझी स्वतःची जागा रिकामी राहील, मी येणार नाही. ती कुणाला द्यायची असल्यास द्यावी, नियमात बसत नसल्यास रिकामी न्यावी. त्या पहाटे मी घरात थांबणार आहे आणि बस निघायच्या वेळी रेडिओ मोठ्याने लावणार आहे. पण ती माझे न ऐकता रेडिओ बंद करील, हे मला माहीत आहे. तिला पहाटे शांतता लागते. म्हणून हा अर्ज.

एवढा तरी मंजूर करावा. यालाही पालकाची संमती लागत असेल तर ती कुठून आणू, हे कळवावे.

आपला,
ओरडून दमलेला आणि म्हणून नम्र,

(सही)
रामकिसन नागोराव सोनटक्के
सचिव, ज्येष्ठ विद्यार्थी मंडळ, बेंबळी
ता. जि. धाराशिव

सोबत जोडले आहे :

१) मंजूर यादीची प्रत. लाल रेघ स्पष्ट दिसते.

२) खाजाभाई मणियार यांचा कबरीजवळचा फोटो. आपण परत केलेला पुन्हा जोडत आहे. कामासाठी नाही, कुणीतरी एकदा नीट बघावा म्हणून. बघून झाल्यावर परत द्यावा.

३) सौ. कस्तुराबाई रामकिसन सोनटक्के यांचे पालक संमतीपत्र. विद्यार्थिनीची सही आहे, ती तिने डोळे होते तेव्हा केली आहे. पालकाची जागा कोरी.